पहिल्यांदाच मुलांचा फुटबॉल संघ हाती घेताय?

हंगामाआधी लीगची नियमावली स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर विसंबू नका. वयोगटानुसार खेळाडूंची संख्या, सामन्याची वेळ, बदली खेळाडूंचे नियम सगळंच बदलतं. चेंडूसुद्धा: साधारणपणे आठ वर्षांखालच्यांना 3 नंबरचा, बारापर्यंत 4, पुढे 5.

सामन्याआधी प्रत्येकाचे शिनगार्ड (नडगीवर बांधायची संरक्षक पट्टी) बघा, कानातलं-गळ्यातलं काढून ठेवायला लावा.

डोक्याला मार लागला असेल तर मात्र अजिबात तडजोड नको. नुसती शंका आली तरी मूल बाहेर, आणि त्या दिवशी परत मैदानात नाही. ते स्वतः ‘मी ठीक आहे’ म्हणेल, पालकही आग्रह करतील. अंतिम सामना असला तरी ऐकू नका. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सराव.

पंचांशी वाद घालू नका. 2019 पासून प्रशिक्षकालाही पिवळं-लाल कार्ड मिळतं. बाकावरून नेमकं कोण बोललं हे कळलं नाही, तर ते तिथल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला दाखवतात. तक्रार असेल तर लीगकडे लेखी द्या.

आणि सराव संपल्यावर शेवटच्या मुलाला न्यायला कुणी येईपर्यंत थांबा, पण एकटे नाही. सोबत दुसरी मोठी व्यक्ती हवीच. हे पालकांना पहिल्याच बैठकीत सांगून टाका.