मिती की परिमाण?

प्रश्न असा आला आहे: ‘त्रिमितीय प्रकाश-परिपथ द्विमितीचं एकमितीत रूपांतर करतो’ या वाक्यात डायमेन्शनसाठी मिती बरोबर की परिमाण? (प्रकाश-परिपथ म्हणजे काचेत किंवा चिपवर आखलेल्या प्रकाशाच्या वाटा.) आणि रूपांतर होतं कशाचं?

मिती. सदिश राशीला परिमाण (किती मोठी ते) आणि दिशा असते, हे शाळेत शिकलो आहोत. तोच शब्द लांबी-रुंदी-उंचीच्या गळ्यात कशाला? ‘परिमाण जास्त शास्त्रीय’ म्हणणाऱ्या पंडितांनी ‘त्रिपरिमाणी जागेतल्या बलाचं परिमाण’ एवढं एकदा मोठ्याने वाचावं.

खरी गंमत पुढे आहे. मिती ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूची. लॅटिनमधलं मोजण्याचं क्रियापद ‘मेतीरी’ त्याच मुळाचं. त्याला ‘वेगवेगळं’ अशा अर्थाचा उपसर्ग लागून डायमेन्शन झालं. संस्कृतात हुबेहूब तीच घडण म्हणजे वि + मा. ऋग्वेदाच्या हिरण्यगर्भ सूक्तातला ‘रजसो विमानः’ म्हणजे अंतरिक्ष मोजणारा, तो इथलाच. हिंदीने डायमेन्शनला सरळ ‘विमा’ केलं, थ्रीडीला ‘त्रिविमीय’. मराठीत मात्र फारसीतून आलेला विमा आधीच हप्ते वसूल करत बसलेला! त्रिविमीय म्हटलं की तीन पॉलिसी दिसणार. म्हणून आपण ‘वि’ गाळला, असा माझा तर्क. कोशकार हसतील, हसोत.

हां, रूपांतर. ‘प्रकाश दुसऱ्या मितीत शिरतो’ असं कुणी लिहिलं की माझं डोकं उठतं. कुठेही शिरत नाही. सात गाभ्यांचा, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या सात वाटांचा प्रकाशतंतू (ऑप्टिकल फायबर) घ्या: मधे एक, भोवती सहा. तो काचेच्या तुकड्याला जोडायचा. काचेत फेम्टोसेकंद लेसरने (अतिसूक्ष्म क्षणाचे झोत सोडणाऱ्या लेसरने) सात वाटा कोरलेल्या असतात (ही युक्ती १९९६मध्ये जपानमधून प्रसिद्ध झाली). या वाटा वर-खाली वळत, एकमेकींना न छेदता, पलीकडे एका ओळीत बाहेर पडतात. अलीकडे फूल, पलीकडे रांग. ‘त्रिमितीय’ या वर-खाली वळण्यामुळे. सपाट चिपवर वाटा एकमेकींना आडव्या जातात. बदलते ती मांडणी, म्हणून ‘द्विमितीय मांडणीची एकमितीय मांडणी’ असं लिहा.

आणि ‘परिपथ’? कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. परि म्हणजे भोवती. वीज फिरून विद्युतघटाकडे परत येते, इथला प्रकाश एकीकडून शिरतो नि दुसरीकडून निघून जातो. हे नाव खरं शोभतं ते कडीच्या आकाराच्या अनुनादकाला (रिंग रेझोनेटरला). तिथे तो गरगर फिरतो तरी.