फ्लॉपीच्या पोटात कापड कशाला?

प्रश्न : माळ्यावर वडिलांच्या दुकानाच्या जुन्या वह्यांसोबत कॉम्प्युटरमधला मजकूर साठवायच्या सव्वापाच इंची काळ्या फ्लॉप्या सापडल्या. एकीचं पाकीट कडेला उसवलंय. आत तपकिरी चकती आणि तिच्या दोन्ही अंगांना पांढरं पातळ कापड आहे. ते कशासाठी? मधल्या मोठ्या भोकाशेजारी एक बारीक भोक आहे, ते कसलं? आणि कडेच्या खाचेवर चंदेरी पट्टी का चिकटवली असेल? – एक वाचक, कराड

उत्तर : कापडाबद्दल विचारलंत, बरं वाटलं. बाकी सगळे ‘त्यात मावायचं किती?’ एवढंच विचारतात.

१९८९ साली मी सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीला लागलो. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं काम माझ्याकडे होतं. हळदीचे सौदे सुरू झाले की आठवड्यात बोलावणं यायचंच. ड्राइव्हचं, म्हणजे फ्लॉपी फिरवणाऱ्या यंत्राचं, हेड (चकतीवरचं वाचणारा-लिहिणारा भाग) स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं की कापूस पिवळा! एकदा मुनीमजींसमोरच एक बाद फ्लॉपी ब्लेडनं चिरली, तर आतलं कापड पिवळंधमक. मुनीमजी म्हणाले, “अरे, हिलाही हळद लागली की!”

तेच त्या कापडाचं काम. चकती फिरते तशी ते तिच्यावरची धूळ टिपून घेतं. हार्ड डिस्कचं हेड चकतीवर तरंगतं. फ्लॉपीचं तिला टेकून घासतं. मधे कण आला की ओरखडा पडलाच.

हे सुरुवातीला कुणाला सुचलं नव्हतं. १९६७ मध्ये आयबीएम या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीच्या सॅन होजे इथल्या केंद्रात ॲलन शुगार्ट यांनी डेव्हिड नोबल यांच्यावर एक काम सोपवलं. मोठ्या कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या मूळ सूचना वीज गेली की पुसल्या जायच्या. त्या पुन्हा भरायला स्वस्त, टपालानं पाठवता येईल असं काहीतरी हवं होतं. नोबल यांनी आधी टेप वापरून पाहिली, मग आठ इंची लवचिक चकती. ती उघडीच होती, आणि धुळीनं जेरीस आणलं. मग पाकीट आलं, पाकिटाला कापडाचं अस्तर आलं. माझ्या मते खरा शोध हाच; चुंबकीय चकत्या आधीही होत्या. १९७१ मध्ये ती बाजारात आली. मावायचे सुमारे ८० किलोबाइट, आणि ड्राइव्ह फक्त वाचायचा. लिहिणारी आयबीएमची फ्लॉपी १९७३ ची. तीत ३००० पंच कार्डांचा (भोकं पाडून माहिती नोंदवायच्या जाड कागदी कार्डांचा) मजकूर बसायचा.

तुमच्या मापाची फ्लॉपी शुगार्ट असोसिएट्सनं १९७६ मध्ये काढली. गंमत म्हणजे खुद्द शुगार्ट तोवर स्वतःच्या नावाच्या त्या कंपनीतून बाहेर पडले होते.

बारीक भोकातून उजेड आरपार गेला की चकतीचा एक फेरा पुरा झाला, हे ड्राइव्हला कळतं.

आता खाच. आठ इंचीवर ती झाकली की लिहिता यायचं, सव्वापाच इंचीवर बरोबर उलटं! या उलटसुलटीत माझ्या हातून एकदा एका गिऱ्हाइकाचा महिन्याचा हिशोब पुसला गेलाय. तुमच्या फ्लॉपीवर पट्टी आहे, म्हणजे वडिलांनी आतलं काही पुसलं जाऊ नये म्हणून जपलंय. उसवलेलीही टाकू नका. तिची चकती बोट न लावता, मधल्या भोकाशी धरून, दुसऱ्या स्वच्छ पाकिटात सरकवता येते. ड्राइव्ह माझ्याकडे आहे. सांगलीला आलात तर घेऊन या.