लोखंड भिंतीत शिरतं तिथे थांब

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले कोल्हापूरचे फोटो पाहिले. न्यू पॅलेस, टाऊन हॉल छानच आलेत, पण ते कुणालाही छान येतात. शिवाय दोन्ही काळ्या दगडाचे. तुला विटा आणि लोखंडकाम हवंय ना, मग शुक्रवार पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या बोळांत शीर. खाली काळा दगड, वर भाजक्या विटा, पुढे गॅलरी आणि तिला लोखंडी कठडा, अशी घरं अजून आहेत.

कठडा दिसला की लगेच कॅमेरा काढू नकोस. आधी तो बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, की ठोकून घडवलेला घडीव ते बघ. बीड साच्यात ओतलेलं, त्यामुळे नक्षी एकसारखी, आणि कडेला साच्याच्या जोडाची बारीक रेघ. घडीवात दोन वेलबुट्ट्या तंतोतंत जुळत नाहीत, जोडावर रिव्हेट नाहीतर पट्टी दिसते. शंका आली तर फोटो घेऊन उद्यमनगरात जा. आपल्याकडे ओतकामातली माणसं काय कमी आहेत!

खरी गंमत लोखंड भिंतीत शिरतं तिथे. गंजलं की ते फुगतं आणि शेजारची वीट फोडतं. तो तडा, खाली उतरलेला तांबडा ओघळ जवळून घे. दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, तेही बघ. चुना खरवडून सिमेंट भरलं असेल तर ओल दरजेतून निघेनाशी होते, विटेतून वाट काढते आणि विटेचे पापुद्रे सुटतात. दुरुस्तीच्या नावाखाली केलेलं वाटोळं, दुसरं काय!

विटेचा पोत तिरप्या उन्हातच उठतो. पूर्वेच्या भिंतीला अकरानंतर जा, ऊन भिंत सोडायच्या बेतात असताना. पावसाळ्यात ढगाळ उजेडात रंग सुरेख येतो, फक्त कठड्यामागे पांढरं आभाळ घेऊ नकोस, नक्षी काळी पडते. आणि खालून कॅमेरा वर करून घेतलेलं घर मागे कलंडतं. समोरच्या घरी विचार, "काकू, माडीवरून एक फोटो काढू का?" बहुतेक चहाही मिळेल. केबलच्या तारा येणारच, त्या पुसत बसू नकोस.

प्रत्येक घराचा एक फोटो मात्र अगदी समोरून, सरळ, पूर्ण दर्शनी भागाचा हवाच. १९१५ चं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत जळालं. वाडे तर आगीची वाटही बघत नाहीत, बिल्डर आला की संपलं. पुढच्या खेपेला थोडेच पाठव, पण प्रत्येकाखाली गल्ली, भिंतीची दिशा आणि तारीख लिही.