दुसऱ्यांदा जा

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. "काका, आता कुठेही गेलं तरी काहीच वाटत नाही. लडाखला जाऊ, की स्कूबा शिकू?" धीर द्यायला मैत्रिणी आहेत तुला. मी एकच सांगणार आहे आणि तू वैतागेपर्यंत सांगणार आहे: दुसऱ्यांदा जा.

मार्व्हिन झुकरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत 1964 मध्ये नवलाईची ओढ मोजणारी प्रश्नावली काढली. पुढे त्या ओढीचे चार भाग पाडले: थराराची हौस, नव्या अनुभवांची भूक, बंधनं झुगारणं आणि पटकन कंटाळणं. तू स्वतःला पहिल्या दोनांत धरतेस. मला विचारशील तर तुझं दुखणं चौथं आहे. रागावलीस तर रागाव.

वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूच्या अभ्यासकानं माकडांवर केलेले प्रयोग तर तुझ्यासाठीच केल्यासारखे आहेत. माकडाला अचानक रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी उसळायच्या. मग रसाआधी दरवेळी एक खूण दाखवायला लागले. माकड सरावल्यावर पेशी त्या खुणेलाच उसळू लागल्या. रस आला तरी गप्प. तुझंही तेच झालंय. हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्या तू निघायच्या आधीच रील्समध्ये चढून झालेली असतेस. उसळायचं ते बुकिंग करताना उसळून जातं. लडाखच्या रील्स काय कमी आहेत?

राजगड तुझा "झालाय". कधी झाला? पावसात, गुंजवण्यातून चढून, चोर दरवाजातून आत, नेढ्यात, म्हणजे खडकातल्या आरपार भोकात, फोटो, संध्याकाळी बस. संजीवनी माचीवर गेली होतीस, पण काय पाहिलंस? तिथे तट दुहेरी आहे. बाहेरच्या तटाच्या आत दुसरा तट, आणि मधे अरुंद बोळ. पहिल्या खेपेला सगळे वरून चालत जातात, दरीकडे बघत. मीही तसाच गेलो होतो. नंतरच्या एका खेपेला त्या बोळात उतरलो आणि प्रश्न पडला: बाहेरचा तट पडला, तर इथला माणूस निसटणार कुठून? त्या एका प्रश्नापायी किती वेळा तो गड चढलो! आपल्याला ठाऊकच नाही असं काहीतरी आहे, हे कळायला आधी थोडं ठाऊक असावं लागतं. म्हणून म्हणतो, दुसऱ्यांदा जा.

आमचा ग्रुप मला हसतो. "पुन्हा राजगडच?" हसू देत. ते हिमालयात जाऊन आले, मी गेलो नाही, आणि आता गुडघे जाऊ देणार नाहीत. कधीकधी रात्री ते टोचतं, अगदी खरं सांगतो. पण त्यांना विचार, तिकडे काय पाहिलंत? उंची सांगतात, थंडी सांगतात आणि जेवण. मी तुला संजीवनीवर दिवसभर बोलून दाखवेन. यात थोडी माझी भीती लपलेली आहे असं तुला वाटेल. असेलही. तरी म्हणणं चुकीचं ठरत नाही.

तू हुशार आहेस, पायांत दम आहे, म्हणून तर जीव तुटतो. शनिवारची बस रद्द कर, पैसे बुडाले तर बुडू देत. या वेळी पाली दरवाजानं चढ, थंडीत, दोन दिवस हाताशी ठेवून. निघण्याआधी एकही व्हिडिओ बघायचा नाही. आल्यावर फोटो पाठवू नकोस, प्रश्न पाठव. एकही पडला नाही, तर तिसऱ्यांदा जा.

तुझा,
काका