माझ्या प्रभागाला किती, हा नंतरचा प्रश्न

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

नगरसेविका झालीस त्याचं अभिनंदन फोनवर झालंच आहे, म्हणून थेट कामाचं लिहितो. पुढच्या महिन्यात पालिका मंडळ विकासकामांचे अग्रक्रम ठरवणार आहे, त्यात काय बोलू, असं तू विचारलंस.

बैठकीत कोणीतरी ज्येष्ठ नगरसेवक उठेल आणि म्हणेल, "भांडण कशाला, निधी सगळ्या प्रभागांना सारखा वाटून टाकू." सगळे माना डोलावतील. तू डोलावू नकोस. सारखी वाटणी झाली की अग्रक्रम ठरवायची कटकटच मिटते. मग ज्याच्या त्याच्या वाट्यात थोडे पेव्हर्स, एक कमान आणि निवडणुकीच्या तोंडावर रस्त्यावर हॉटमिक्स डांबर. ज्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, जूनमध्ये घरात पाणी शिरतं, तिथलं मोठं गटार मात्र होत नाही. ते तीन प्रभागांतून जातं आणि कोणा एकाच्या वाट्यात मावत नाही. तुझ्या प्रभागाला या वर्षी कमी मिळालं तरी चालेल, पण ते गटार आधी घ्या, असं पहिल्याच बैठकीत बोललीस तर लोक तुला वेडी म्हणतील. म्हणू देत.

आता घरांचं. लोक तुझ्या दारात सगळ्यात जास्त यासाठीच येतील. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात स्वतः घर बांधणाऱ्या गरीब कुटुंबाला केंद्राकडून दीड लाख रुपये मिळतात. अट अशी की वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत हवं आणि जमीन आपली हवी. उत्पन्नाच्या अटीत आपल्याकडचे पुष्कळ जण बसतात, अडतं ते जमिनीवर. चिऱ्याच्या भिंती, कुजलेले वासे, वर निळी ताडपत्री. आजेसासऱ्यापासूनच्या घरपट्टीच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या. ती पिशवी तुझ्यापुढे उघडून बाई म्हणेल, "हे बघ, आम्ही एकदाही चुकवली नाही." आणि तुला सांगावं लागेल की घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, खालची जमीन अजून भाटकाराचीच, म्हणजे जमीनमालकाचीच आहे.

पण तिला तेवढंच सांगून परत पाठवू नकोस. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा तो मुंडकार. गोव्याच्या 1975 च्या मुंडकार कायद्याने अशा कुटुंबाला घरातून काढता येत नाही, शिवाय घर आणि भोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्कही दिलेला आहे. त्यासाठी मामलेदाराकडे अर्ज करायचा, आधी मुंडकार म्हणून नोंद, मग खरेदी. कायद्यात हे दोन ओळींत बसतं. प्रत्यक्षात भाटकाराचे वारस कोणी मुंबईत, कोणी पोर्तुगालात. नोटीस बजावण्यातच वर्षं जातात, आणि रोजंदारी बुडवून तारखांना जाणारा माणूस शेवटी कंटाळून घरी बसतो.

म्हणून माझा आग्रह असा, की गृहनिर्माणाच्या नावाने पालिकेने पहिले पैसे कागदांवर खर्च करावेत. एक जाणता कारकून, गरजेपुरता सर्व्हेअर, आठवड्यातले दोन दिवस पालिकेत एक टेबल. अर्ज लिहून द्यायचे, उतारे जमवायचे, तारखांचा पाठपुरावा करायचा. कमानीपेक्षा स्वस्तात होईल. फीत कापायला काही मिळत नाही एवढाच तोटा, आणि तो आपल्या मंडळींना मोठा वाटतो.

घराची गरज असलेल्यांची यादी करशील तेव्हा भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्यांनाही त्यात धर, त्यात पालिकेचेच सफाई कामगार निघतील. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांमागे साधारण एक घर रिकामं सापडलं होतं. तेव्हा घरं कमी आहेत म्हणून आणखी इमारतींना परवाने द्या, असं कोणी सांगू लागलं तर हा आकडा पुढे कर.

निधी कुठून आला ते आधी विचारत जा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी आपल्यासारख्या लहान शहरांना जे अनुदान दिलं, त्यातलं 60 टक्के पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेलं होतं. गोव्यात नळाचं पाणी पालिका देत नाही, ते सरकारी खात्याकडे. तरी साफसफाई आणि कचरा आपल्याकडे आहेच. अंदाजपत्रक हातात आलं की तरतुदीचा रकाना सोड, गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च वाच. कोणतं काम दरवर्षी मांडलं जातं आणि कधीच होत नाही, ते तिथे सापडेल.

शेजारच्या पंचायतीत रविवारी ग्रामसभा भरते आणि लोक सरपंचाला घाम फोडतात. पालिकेची हद्द लागली की ते बंद. कायद्याने प्रभाग समित्या 3 लाख वस्तीच्या शहराला सक्तीच्या, आणि गोव्यातली एकही पालिका तेवढी मोठी नाही. त्यामुळे तुला कोणी सभा घ्यायला लावणार नाही. तूच घे, देवळाच्या मंडपात, संध्याकाळी, बायका कामावरून आल्यावर. आणि हे सगळं दिवाळीनंतर लगेच सुरू कर. मार्चमध्ये ठरलेल्या कामाची निविदा निघेपर्यंत पाऊस येतो, मग ऑक्टोबरपर्यंत कुदळ लागत नाही.

मुंडकार घरांची यादी झाली की एक प्रत माझ्याकडे धाड. जुने सर्व्हे नंबर मला अजून बरेच आठवतात.

तुझा,
काका