लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र नकोत

प्रश्न : सुनेला पाचवा महिना लागलाय. हिमोग्लोबिन ९.६ आहे. आशाताईंनी रोज दोन लाल गोळ्या आणि दोन कॅल्शियमच्या दिल्यात. विसरायला नको म्हणून ती दोन्ही जेवणांना एक लाल, एक कॅल्शियमची घेते आणि वर चहा. मळमळतं, शौचाला काळी होते. या गोळ्यांनी बाळ काळं होतं, असं शेजारणी म्हणतात. बंद कराव्यात का?

उत्तर : अजिबात बंद करू नका, वेळा बदला. कॅल्शियम आणि चहातलं टॅनिन, दोन्ही लोह शोषू देत नाहीत. म्हणजे गोळी पोटात जाते, पण त्यातलं लोह रक्तापर्यंत फारसं पोचत नाही. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. ते वाया जाऊ देऊ नका.

कॅल्शियम न्याहारीबरोबर आणि रात्रीच्या जेवणाबरोबर द्या. पहिली लाल गोळी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, दुसरी रात्री जेवून दोन तास झाल्यावर, झोपताना. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम, दुधाबरोबर नको. चहा तासभर आधी किंवा नंतर. झोपताना घेतलेल्या गोळीची मळमळ कमी जाणवते. तरीही त्रास झाला तर काही दिवस दोन घास खाऊन घ्यावी. लोह थोडं कमी शोषलं जाईल, पण गोळी सुटण्यापेक्षा ते बरं.

शौचाचा काळा रंग न शोषलेल्या लोहाचा, घाबरू नका. बाळाचा रंग आईवडिलांकडून येतो, गोळीतून नाही. उलट आईचं रक्त कमी असेल तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो आणि बाळंतपणातला रक्तस्राव तिला झेपत नाही.

महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. निदान १ ग्रॅम वाढायला हवं. नाही वाढलं तर डॉक्टरांना दाखवा. जंत, बी-१२ची कमतरता किंवा सिकलसेल यांपैकी काही असू शकतं. जंताची गोळी दिली होती का, तेही आशाताईंना विचारा. रक्त भरून आलं की रोज एक गोळी, ती बाळंतपणानंतरही १८० दिवस.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. यंदा मूल हवंय. फॉलिक अ‍ॅसिड कधी सुरू करू?

उत्तर : आजच. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष असेल तर डोस कितीतरी मोठा लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.

बी-१२ मात्र तपासून घ्याच. फॉलिक अ‍ॅसिडने रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो आणि बी-१२अभावी नसांची हानी चालूच राहते. आईत ते कमी असलं की अंगावरच्या दुधातही कमी उतरतं आणि बाळाची वाढ खुंटते.