"घरी लागलं म्हणून सांग", म्हणाले आणि मी सांगितलं

प्रश्न : ताई, मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून लागलो होतो, पगार साडेसतरा हजार. कामाचा तिसराच दिवस, डबल स्ट्रोक पडला, म्हणजे प्रेस लागोपाठ दोनदा खाली आली, आणि डाव्या हाताची दोन बोटं डायमध्ये गेली. मशीनचा सेन्सर आधीपासूनच बंद करून ठेवलेला, प्रॉडक्शन निघत नाही म्हणून. दवाखान्यात नेताना सुपरवायझर म्हणाला, घरी दारात चेमटलं म्हणून सांग, बिल आम्ही भरतो. मी तसं सांगितलं. बिल भरलं त्यांनी. आता म्हणतात तुझं ईएसआय कार्डच निघालं नव्हतं त्यामुळे काही मिळणार नाही, आणि कामावर पण येऊ नको. सप्टेंबर २०२५ ची गोष्ट आहे. — एक वाचक, चाकण

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे कार्डाची भीती डोक्यातून काढून टाका. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, त्या कायद्यात तुम्ही विमाधारक आहात की नाही हे कार्ड छापलंय का यावर ठरत नाही, तुमची वर्गणी भरायला हवी होती का यावर ठरतं. कंपनीला ईएसआय लागू, तुमचा पगार एकवीस हजारांच्या आत, म्हणजे तुम्ही त्यात आलात, मग ठेकेदाराने नाव घातलं असो वा नसो. आजारपणाच्या रजेसाठी काही दिवसांची वर्गणी भरलेली लागते, कामावरच्या इजेला ती अटच नाही, पहिल्या दिवसापासून हक्क आहे. मालकाने वर्गणी बुडवली असेल तर ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन ते पैसे मालकाकडून वसूल करू शकतं. ठेकेदार पळाला तरी मूळ कंपनी जबाबदार राहतेच. अपघातानंतर घाईघाईने नोंदणी करायची चाल पण सर्रास चालते, त्यामुळे आता जर कार्ड हातात दिलं तर त्यावरची नोंदणीची तारीख आधी बघा.

खरी अडचण कार्डाची नाहीये, दवाखान्यातल्या त्या एका वाक्याची आहे. तुम्हाला दोष देत नाही मी, बोटातून रक्त गळत असताना आणि गाडी सुपरवायझरची असताना कोण वाद घालणार. पण हे वाक्य कंपनी शेवटपर्यंत वापरणार, म्हणून ते आजच्या आज खोडायला लागा. दवाखान्यातून सगळ्या केस पेपरची, एक्सरेची, ऑपरेशन नोटची कॉपी मागा. प्रेसखाली चिरडलेलं बोट आणि दारात चेमटलेलं बोट यातला फरक डॉक्टरला कळतो, ऑपरेशन नोटमध्ये तो बऱ्याचदा दिसतोच. मग साध्या मराठीत एक पत्र लिहा, तारीख, शिफ्ट, कुठली मशीन, शेजारी कोण होतं, सेन्सर कधीपासून बंद होता, आणि खोटं सांगायला कोणी लावलं ते सगळं नावानिशी. एक प्रत ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला, एक कंपनीला, एक ठेकेदाराला, एक औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, म्हणजे आपण ज्याला फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणतो त्यांना. सगळी स्पीड पोस्टाने, पोचपावतीसकट. अपघाताचा रिपोर्ट ईएसआयला कळवायचं काम खरं तर मालकाचं, पण त्याने नाही केलं म्हणून तुमचा हक्क जात नाही.

आणि बिल. ते बिल कोणाच्या खात्यातून गेलं, फोनपेवरून की कंपनीच्या चेकने, ते शोधून काढा. घरी दारात बोट चेमटलं असेल तर कंपनीने त्याचं बिल का भरावं? याचं उत्तर कंपनीकडे नसतं. त्या दिवसाचे व्हॉट्सअॅप मेसेज, गेटवरच्या हजेरीचा फोटो, काहीही असेल ते डिलीट करू नका, मोबाईल बदलायचा असेल तर आधी बॅकअप घ्या.

मिळणार काय? जितके दिवस कामावर जाता आलं नाही तितक्या दिवसांचे सरासरी पगाराच्या ९० टक्के. नंतर मेडिकल बोर्ड कायमची इजा किती टक्के ते ठरवतं. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर कायद्याच्या परिशिष्टात २० टक्के आहेत, पण तुमची किती पेरं गेली यावर आकडा कमी होऊ शकतो. २० टक्के धरले तर तुमच्या पगारावर महिन्याला तीन हजारांच्या आसपास येतील, आणि ते जन्मभर, दुसरी नोकरी लागली तरी. म्हणून कोणी पन्नास हजार रोख देऊन मिटवून टाकू म्हणालं तर आधी ही बेरीज करा. ९० टक्क्यांचा लाभ चालू असतानाच्या काळात कामावरून काढता येत नाही हेही पत्रात लिहा. सेन्सर बंद असलेल्या मशीनवर मीच काम केलं, माझीच चूक धरतील का, असं मनात असेल तर तसं होत नाही, काम मालकाच्याच धंद्यासाठी चाललेलं होतं ना. फक्त एक, ईएसआयमध्ये आलात की कंपनीवर वेगळा भरपाईचा दावा लावता येत नाही, दोन्हीकडून घेता येत नाही.

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूरला फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सुतार आहे, वय ३०, पगार १४ हजार, आम्ही सहाच जण. मार्च २०२५ मध्ये कटरवर उजव्या हाताची तर्जनी पूर्ण गेली. मालकांनी चाळीस हजार दिले आणि स्टँप पेपरवर "आता काही मागणार नाही" अशी सही घेतली. आता बोलायची सोय आहे का?

उत्तर : आहे की. त्या स्टँप पेपरचं फार टेन्शन घेऊ नका. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात स्पष्ट आहे, कामगाराने आपला हक्क सोडून देणारा करार केला तरी तो तेवढ्यापुरता रद्दच. खरी तडजोड करायची तर ती या कायद्याखालच्या भरपाई कमिशनरकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम फारच कमी वाटली तर कमिशनर नोंदवायला नकार देऊ शकतात. नोंदवलीच नसेल तर मालक पूर्ण रकमेला जबाबदार, आणि कमिशनरने वेगळं सांगितलं नाही तर दिलेल्या चाळीस हजारांपैकी जास्तीत जास्त निम्मेच त्यातून वजा होतील.

सहाच माणसं म्हणजे ईएसआय नाही, तुम्हाला भरपाईचा कायदा लागतो. हिशोब असा. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ८४००, त्याला ३० वर्षं वयाचा गुणांक २०७.९८ ने गुणायचं, झाले १७,४७,०३२. ही माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर मिळणारी रक्कम. तर्जनी पूर्ण गेली की कायद्याच्या तक्त्यात १४ टक्के, म्हणजे २,४४,५८४ रुपये. उजवा हात की डावा याने बोटांच्या तक्त्यात फरक पडत नाही, सुताराला कितीही पडत असला तरी. याशिवाय औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च, आणि घरी बसला होता त्या काळाचा साधारण अर्धा पगार. भरपाई एक महिन्यात दिली नाही की वर्षाला १२ टक्के व्याज, आणि मालकाकडे योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. तो दंड विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो, म्हणून नोटीस मिळाली की मालक बोलायला लागतात असा अनुभव आहे.

तक्त्यातला टक्का हाच शेवटचा असं मात्र मानू नका. एका सुताराचा डावा हात कोपरापासून कापावा लागला होता, मालकाचं म्हणणं होतं तक्त्याप्रमाणे द्या, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९७५ मध्ये सांगितलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब १०० टक्के. एक बोट आणि अख्खा हात यात अंतर आहे, तुम्हाला १०० मिळतील असं मी म्हणणार नाही, पण पकड गेली असेल, रंधा धरता येत नसेल तर डॉक्टरकडून तसं लिहून घ्या आणि अर्जात मांडा.

अर्ज दोन वर्षांच्या आत, म्हणजे मार्च २०२७ च्या आधी. आपल्याकडे कमिशनर म्हणजे बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे जज किंवा दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर. गावी राहायला गेलात तर तिथल्या हद्दीतही दावा लावता येतो. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, लाजायचं काही कारण नाही.

प्रश्न : माझे मिस्टर सातपूरला सीएनसी ऑपरेटर होते, वय ४०, पगार २४ हजार. एप्रिल २०२५ मध्ये नाईट शिफ्टला जाताना बाईक खड्ड्यात जाऊन ते गेले. कंपनी म्हणते गेटच्या बाहेर झालं, आमचा संबंध नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, झालं ते फार वाईट झालं. पण "गेटच्या बाहेर" हे उत्तर आता चालत नाही. आपल्या मराठवाड्यातल्याच एका साखर कारखान्याच्या वॉचमनची केस होती, पहाटे तीनच्या ड्युटीला मोटरसायकलवर निघालेला, कारखाना थोड्या अंतरावर राहिला असताना अपघातात गेला, २००३ साली. कमिशनरने भरपाई दिली, हायकोर्टाने ती रद्द केली, आणि जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत दिली. बावीस वर्षं गेली, पण निकाल लागला : घर ते काम हा प्रवास, वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध जुळत असेल तर तो कामावरचाच अपघात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, तिच्यात तर हे लिहूनच आलंय. तुमचा अपघात त्याआधीचा म्हणून तुम्हाला जुना, म्हणजे १९२३ चा नुकसानभरपाई कायदा आणि हा निकाल.

म्हणून शिफ्टचं वेळापत्रक, घरातून निघाल्याची वेळ, पंचनाम्यातली जागा नेहमीच्या रस्त्यावरच आहे हे दाखवणारं जे काही आहे ते गोळा करा. पगार २४ हजार असला तरी हिशोबाला १५ हजारच धरतात. त्याच्या ५० टक्के गुणिले ४० वर्षांचा गुणांक १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये. ही रक्कम कंपनीने कमिशनरकडे जमा करायची असते. कोणी घरी येऊन पाकीट दिलं तर ती भरपाई धरत नाहीत, तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडून.

बाईकची पॉलिसी काढून बघा. गाडी त्यांच्याच नावावर, लायसन्स होतं आणि मालक-चालकाचं अपघात विमा कव्हर घेतलेलं असेल तर ते १५ लाखांचं असतं, आणि ते वेगळं. बऱ्याच घरांत ते कागद डिकीतच राहतात. दुसऱ्या गाडीने धडक दिली असती तर मोटार अपघात न्यायाधिकरण आणि हा कायदा यातलं एकच निवडावं लागलं असतं, तुमच्या बाबतीत तो प्रश्न येत नाही.

प्रश्न : आमच्या रानात सोयाबीनची मळणी चालू असताना रोजंदारीवरच्या बाईंचा हात यंत्रात गेला. यंत्र भाड्याचं. आम्ही शेतकरी, कंपनी थोडीच आहोत, आम्हाला हे लागू होतं का? — एक शेतकरी, लातूर

उत्तर : काका, लागू होतं. यंत्राने होणारी शेती नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीत आहे, आणि रोजंदारीवरचा माणूस २००० सालापासून त्यातून वगळलेला नाही. बाईंना कामावर कोणी लावलं, रोज कोण देतं, तुम्ही की यंत्रवाला, यावर जबाबदारी कोणाची ते ठरेल. यंत्रवाल्याच्या ट्रॅक्टरची पॉलिसी मागून घ्या, पण ती अशा मजुराला कव्हर करेलच असं गृहीत धरू नका. गोपीनाथ मुंडे अपघात योजना शेतकरी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे, बाईंना शेतमजूर म्हणून त्यातून मिळणार नाही. आतापर्यंत दवाखान्यात जे दिलं असेल त्याच्या पावत्या बाईंच्या नावाने जपून ठेवा, आणि दवाखान्यात हात कशात गेला ते खरं लिहायला लावा.